आवाज माझा, कान लेकीचे

१९ जानेवारी, सोमवार

बोलायचं नाही. खाकरायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजण्याने घशाला जास्त ताण पडतो म्हणे. काल दुपारी पुण्याहून घरी आलो. शनिवारी ऑपरेशन झालं. स्वरतंतूवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती, ती काढली आणि तपासायला पाठवली. रिपोर्ट यायचाय. तोवर, आणि नंतरही काही दिवस, तोंडाला कुलूप.

बियाण्याच्या कंपनीवाले दर वर्षी डायरी देतात, मी तीत फवारणीच्या तारखा लिहितो. या वर्षी जरा जास्त लिहीन म्हणतो. कुणाशी तरी बोललं पाहिजे, नाहीतर पोट फुगेल माझं.

शेती कांद्याची आणि टोमॅटोची, पण या दोन तालुक्यांत मला कांद्यावरून कोण ओळखतंय. शर्यतीच्या घाटावर बैलगाडा सुटला की माईकवरून जे 'भिर्रर्र' निघतं ते माझं. यात्रा कुठलीही असो, खोडदची बाजू असो की पारगावची, निवेदक म्हणून आधी अण्णाला फोन. आणि आता हा अण्णा पाणी हवं असलं तर पेला वाजवतो.

२० जाने., मंगळ.

सौ.ने पाटी आणून दिली, आमच्या लेकीची, स्नेहलची, शाळेतली. फुटकी चौकट, पण चालते. सकाळी लिहिलं, 'चहा'. तिने वाचलं आणि म्हणाली, चष्मा न्हाई, काय लिवलंय दिसत न्हाई. चष्मा डोक्यावर होता. पंचेचाळीस वर्षांचा हिशेब चुकता करतेय बाई.

संध्याकाळी तिने बीपी मोजलं. मशीन स्नेहलने पहिल्या पगारातून आणून दिलंय, रोज मोजून आकडा तिला पाठवायचा असा नियम. आज आकडा पुष्कळ खाली. सौ. मशीनकडे बघतच राहिली. "तुमी गप्प झालात आन् माझं बीपी उतरलं," म्हणाली. तोच निरोप तिने लेकीला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तिकडून हसण्याची चित्रं आली ढीगभर.

२२ जाने., गुरु.

आज लिहून ठेवतो, हे सगळं कळलं कसं.

घसा वर्षभर बसतच होता. यात्रांचा हंगाम संपला की सुटेल म्हणत होतो. ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, मध-हळद, सगळं झालं. यात्रा कमिटीचा बबनराव म्हणायचा, अण्णा, आवाज घोगरा झाल्यापासून लई भारी वाटतो, वाघ बोलल्यावानी. मीही खूश.

दिवाळीला स्नेहल आली. ती पुण्यात मोठ्या दवाखान्यात आहे. बोलण्यात अडचण असलेल्या माणसांना, अर्धांगाने वाचा गेलेल्यांना, तोतऱ्या पोरांना बोलतं करायचं तिचं शिक्षण. आधी चार वर्षं, मग वरची दोन. शिकायला गेली तेव्हा भावकीत केवढी थट्टा. बोलायला शिकायला कॉलेज कशाला, अण्णाच्या घरात ते फुकट मिळतं, असं माझ्या तोंडावर म्हणाले होते. मीही हसलो होतो, पण प्रवेशाला स्वतः घेऊन गेलो होतो.

तर दिवाळीत ती दोन दिवस नुसती माझं बोलणं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन बसली. लोकांनी घाटावरचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकलेत ना, माझे वर्षावर्षाचे. ते तिने एकामागून एक लावले, कानाला यंत्र घालून. गाडे बघतच नव्हती, डोळे मिटून बसली होती. मग म्हणाली, "अण्णा, तीन वर्षांपूर्वीच्या यात्रेपासून तुमचा आवाज फाटतोय. हा बसलेला घसा नाही. आपण दुर्बिणीने बघून घेऊ." मी म्हटलं, हंगाम होऊ दे. ती म्हणाली, हंगाम दर वर्षी येतो.

बैल लंगडतोय हे मला लांबून चालीवरून कळतं. पोरीला माझ्या घशातलं कळलं, तेही व्हिडिओवरून. इतकं शिकली.

दुर्बीण घातली तेव्हा ती शेजारी उभी होती. टीव्हीवर माझ्याच घशातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या उघडमीट करताना दिसल्या. तिने बोट ठेवून दाखवलं, ही गाठ. डॉक्टर तिच्याशी बरोबरीने बोलत होते. गाठीची भीती बाजूला राहिली आणि मला वाटत होतं, कुणीतरी हा फोटो काढावा.

२५ जाने., रवि.

भानगड झाली आहे. गावात कुणीतरी उठवलं की अण्णाने भीमाशंकराला मौन बोललंय, पोरीचं लग्न जमावं म्हणून. शिवरात्रीपर्यंत बोलणार नाही. सकाळी वरच्या आळीच्या दोघी जणी आल्या, माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि नारळ ठेवून गेल्या. मी पाटीवर लिहिलं, 'गाठ काढली. स्नेहलने सांगितलंय.' त्यांना वाचता येत नाही. त्या हात जोडून म्हणाल्या, बघा, लिवून जप करत्यात.

सौ. आत पदर तोंडात धरून हसत होती. बाहेर येऊन खरं सांगायचं, तर म्हणाली, "व्हय ओ, लई कडक हाये त्यांचं." मी तिच्याकडे डोळे वटारले. नारळाची मात्र तिने लगेच चटणी केली.

राग याचा येतो की माझ्या पोरीची विद्या देवाच्या खात्यावर जमा झाली. देवाला काय कमी आहे.

२६ जाने., सोम.

नारायणगावला औषधं आणायला गेलो. कांतीशेठच्या दुकानात नेहमीप्रमाणे बसलो. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, हे पक्के इथले. मी हातवारे करून सगळी हकीकत सांगितली, गाठ, दुर्बीण, स्नेहल, नारळ. शेठ पर्युषणात स्वतः मौन धरतात. ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं, आणि म्हणाले, "अण्णा, मौन तोंडाचं नसतंय राव. तुमी तर हातांनी गाडा पळवताय." दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मीही हसणार होतो, आठवलं की जोरात हसायलाही मनाई आहे.

संध्याकाळी उसाच्या कडेने येताना आपण सगळे मोठमोठ्याने बोलत येतो, बिबट्याला कळावं म्हणून. मला ते जमेना. मग युक्ती केली. मोबाइलवर माझाच घाटावरचा व्हिडिओ पूर्ण आवाजात लावला आणि खिशात ठेवून चालत आलो. खिशातून मी ओरडतोय आणि वर मी गप्प. मधेच थांबून ऐकत राहिलो. काय आवाज होता तो. असा परत निघेल का, हे कुणी सांगत नाही.

२९ जाने., गुरु.

दुपारी स्नेहलचा फोन. मी बोलू शकत नाही म्हणून आमचं ठरलंय, फोनवर बोटाने एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

म्हणाली, अण्णा, बसलाय का? टक. आई जवळ आहे का? टकटक, ती रानात होती. मग म्हणाली, "रिपोर्ट आला. साधी गाठ होती. काही नाही, अण्णा. काही नाही." आणि रडायला लागली. रोज दुसऱ्यांना धीर देणारी पोरगी, इतके दिवस एकटीने धरून ठेवलं होतं तिने. मला म्हणायचं होतं, रडू नको बाळा. मी टकटक करत राहिलो, किती तरी वेळ, हो-नाहीचा हिशेब सोडून.

सौ. रानातून आली. पाटीवर लिहून दाखवलं. आज तिला चष्म्याशिवाय दिसलं.

३१ जाने., शनि.

स्ने. आली. आज पहिल्यांदा आवाज काढायचा. ओसरीवर बसवलं, पाठ ताठ, खांदे सैल. आधी नुसतं 'म्म'. मग पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढत 'ऊ'. म्हाताऱ्याने लहान पोरासारखे बुडबुडे काढायचे. सौ.ला हसू आवरेना म्हणून लेकीने तिला आत पाठवलं.

आवाज निघाला तो माझा नव्हताच. बारीक, वाऱ्यासारखा. मी घाबरलो, खरं लिहितो. दुर्बिणीला घाबरलो नव्हतो इतका. स्ने.ला कळलं. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, नवीन कातडी आहे, तिला पळवायचं नाही, चालवायचं. दिवसातून तीन वेळा, थोडं थोडं. जास्त नाही.

म्हटलं, घाटावर कधी? ती म्हणाली, "अण्णा, माईक असताना ओरडता कशाला तुम्ही? मोटार चालू असताना कुणी बादलीने पाणी घालतं का?" सगळी उमर माईक धरण्यात गेली, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

१५ फेब्रु., महाशिवरात्र

बबनराव जीप घेऊन हजर. अण्णाचं मौन सोडायला भीमाशंकरला न्यायचं. आता आवाज थोडा आहे, म्हणून वाटेत सांगावं म्हटलं की बाबांनो, मौन नव्हतं, उपचार होता. मंचरपासून घोडेगावपर्यंत हळू आवाजात सगळं सांगितलं. जीपमधले सहाच्या सहा जण श्वास रोखून ऐकत होते. झाल्यावर बबनराव म्हणाला, बगा, देवाच्या वाटंला लागलो आन् वाचा आली.

हात टेकले. वर गर्दी फार. पायऱ्यांवर रांगेत उभा राहून देवाला म्हटलं, तुझं तुला आणि पोरीचं पोरीला.

२ मार्च, सोम.

कांदा काढणी सुरू. सौ. बांधावर बसून भाकरी खाताना सहज बोलावं तसं बोलली. लेकीला म्हैसूरच्या मोठ्या संस्थेत पीएच.डी.ला घेतलंय. देशात या विद्येचं मोठं ठिकाण आहे म्हणे. डिसेंबरात परीक्षा दिली होती, मला माहीतच नाही. तिचा विषय काय, तर आवाजावर पोट असलेली माणसं. बाजार समितीत लिलाव पुकारणारे, कीर्तनकार, आणि यात्रेतले निवेदक. त्यांच्या घशाचं काय होतं आणि ते कसं वाचवायचं, असा.

माझा घास हातातच राहिला. निवेदकांवर पीएच.डी. माझ्या पोरीची.

सौ. म्हणाली, "पर ती न्हाई म्हणणार हाये. दहा एप्रिलपत्तोर कळवायचंय. म्हणती, अण्णांचा आवाज जाग्यावर येईस्तोवर म्या कुटं जात न्हाई. तुमाला सांगू नको म्हनली व्हती."

मग काय खाल्लं आठवत नाही.

४ मार्च, बुध.

ठरवलं. आवाज दहा एप्रिलच्या आत घाटावरच्या जागी आणायचा. एकदा 'आ' असा खणखणीत निघाला पाहिजे की पोरगी आपण होऊन म्हणेल, अण्णा बरे झाले, मी निघते. माझ्या घशापायी तिची पीएच.डी. अडली, हे मला सोसणार नाही.

तीन वेळा थोडं थोडं काय होणार. कांद्यावर करपा आला की आपण शिफारशीएवढंच औषध मारतो का? डबल मारतो. उद्यापासून नळी सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि मधेही. कांद्याच्या चाळीमागे बसून. सौ.ला कळू द्यायचं नाही.

७ मार्च, शनि.

चांगलं चाललंय. नळी सोडून आता मोकळा 'आ' करतो. उसात तोंड घालून एकदा हळूच भिर्रर्र काढून पाहिलं. निघालं. अर्धं निघालं. दुपारी परत.

१० मार्च, मंगळ.

घसा गरम वाटतो. म्हणजे काम होतंय.

१२ मार्च, गुरु.

आवाज नाही. सकाळी उठलो, सौ.ला हाक मारली, नुसती हवा. परत मारली, हवा. दिवसभर गप्प. स्ने.चे दोन फोन आले, उचलले नाहीत. कांद्याच्या गाडीवर आहे, असा मजकूर सौ.कडून पाठवला. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी फोनवर टकटक केली. ती नुसती म्हणाली, "अण्णा, आता टकटक का?"

मूर्ख आहे मी. तिला फसवायला निघालो होतो, आणि टकटक करून स्वतःच सांगून बसलो.

१४ मार्च, शनि.

स्ने. पहाटेच्या एसटीने नारायणगावला उतरली, रिक्षा करून घरी. चहासुद्धा न घेता ओसरीवर बसवलं. किती वेळा केलं, विचारलं. पाटीवर खरं लिहिलं. चाळीमागचं, उसातलं, भिर्रर्रचं. डबल डोसचं लिहिलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

रागावली. दवाखान्यात कुणाला असं रागावत नसेल. फवारणीचं उदाहरण मीच दिलं होतं, तेच माझ्यावर उलटवलं. औषध डबल मारलं की पान जळतं, हे तुम्हीच मला दाखवलं होतं ना टोमॅटोच्या रानात, म्हणाली.

मग मी पाटीवर लिहिलं, 'म्हैसूर.' तिने आईकडे पाहिलं. आई चुलीकडे बघत होती.

तिने पाटी घेतली, पुसली आणि मांडीवर ठेवून बसली, शाळेत बसायची तशी.

दवाखान्यात दाखवून आलो दुपारी. सूज आहे, गाठ परत नाही. पुन्हा कुलूप, आठवडाभर. यात्रेचं नाव काढायचं नाही.

२२ मार्च, रवि.

कुलूप निघालं. आवाज जानेवारीएवढाच आहे, बारीक, पण आहे.

बबनराव आणि कमिटी नारळ घेऊन आली. भैरवनाथाची यात्रा आठ तारखेला, आपल्या गावची. घाट नांगरून सरळ केलाय, दोन तालुक्यांतून गाडे येणार, नाव नोंदणारांची रांग लागलीय. अण्णाशिवाय आपला घाट मुका, म्हणाले. स्ने. घरात होती, रविवार म्हणून आलेली.

मी त्यांच्यासमोरच तिला सांगितलं. आठवडाभर मनात घोळवून ठेवलं होतं. हळू आवाजात म्हटलं, "स्नेहल, तू म्हैसूरला जा. मी माईक सोडतो. कायमचा. मग माझ्या आवाजाची काळजी करायला नको तुला." बबनराव ओरडलाच, आवं अण्णा, असं काय बोलताय.

स्ने. उठून माझ्यासमोर आली. सगळ्यांदेखत म्हणाली, "अण्णा, मी शिकले ते तुम्ही गप्प बसावं म्हणून नाही."

एवढंच. आत गेली. कमिटी नारळ ठेवून गेली. सौ. डोळे पुसत होती, म्हणे कांदा चिरत होती. कांदा कुठे दिसला नाही मला.

वाक्य डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं वाटायचं, पोरीला शिकवलं ते तिच्यासाठी. ती मात्र माझ्यासाठीही शिकत होती, आणि मला आता या वयात कळतंय. आज डायरीत याहून जास्त लिहिता येत नाही.

२९ मार्च, रवि.

नियम आता काटेकोर. तीन वेळा, थोडं थोडं, ती म्हणेल तसं. रोज सकाळी उठल्यावर पहिला 'आ' रेकॉर्ड करून पाठवतो, चहाच्या आधी. सकाळचा पहिला आवाज खरं सांगतो म्हणे, दिवसभर माणूस सांभाळून बोलतं. ती त्याचा मोबाइलवर आलेख काढते. आज आलेख दाखवला. रेघ चढतीय, हळू. कांद्याचा भाव असा कधी चढला नाही.

तंबाखू सुटली. सौ.ने पुडी चुलीत घातली.

म्हैसूरबद्दल तीही बोलत नाही, मीही नाही.

५ एप्रिल, रवि.

ठरलं. माईकवर एकच पुकारा. पहिल्या बारीचा, म्हणजे पहिला गाडा सुटतो तेवढाच. ओरडायचं नाही, बोलायचं. माईकची आणि तोंडाची जागा तिने ठरवून दिली, भोंगे स्वतः उभं राहून लावून घेतले. बाकीच्या बाऱ्या पारगावचे निवेदक पाहतील. त्यांनाही स्ने.ने तपासलं आज, घसा बघते म्हणाली तर आधी लाजले, मग दोघांना सोबत घेऊन आले. ओसरीवर तीन निवेदक पेल्यात नळ्या घालून बुडबुडे काढत होते. वाटेने जाणारे थांबून बघत होते. एक म्हातारी म्हणाली, आता हे तिगं कशाचं मौन धरनार?

मी मुद्दाम दारात उभा राहून प्रत्येकाला सांगितलं. देवाचं नाही, लेकीचं आहे. पीएच.डी.चं आहे. हळू आवाजात, पण प्रत्येकाला.

८ एप्रिल, बुध.

यात्रा.

घाटाच्या दोन्ही कडांना माणूस. मांडवात बसलो, शेजारी स्ने. कमिटीने तिला फेटा बांधला, घाटावर पोरीला फेटा मी पहिल्यांदा पाहिला. पहिला गाडा जुंपला, बैलांपुढे पळायला घोडी लावली. बबनरावाने माईक दिला.

आयुष्यभर काय काय बोललो असेन तिथून. बैलांच्या नावाच्या लांबलचक माळा, मालकांची कौतुकं, गावांना डिवचणं. आज मी साध्या आवाजात गाडामालकाचं नाव घेतलं, गाव घेतलं, बैलांची नावं घेतली. आवाज भोंग्यातून पोहोचला. बारीकच, पण पोहोचला. आणि गर्दी गप्प झाली, मला ऐकायला. अशी गप्प गर्दी कधी पाहिली नव्हती घाटावर. शेवटी भिर्रर्र, हळू, जसं तिने बसवलं होतं तसं, जिभेच्या शेंड्यावर. गाडा सुटला.

सगळे गाड्याकडे बघत होते. मी स्ने.कडे बघितलं. ती डोळे मिटून बसली होती, फेट्यासकट. कसा होता, विचारलं. तिने माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि पाण्याची बाटली दिली.

९ एप्रिल, गुरु.

कुस्त्या झाल्या, पाहुणे गेले. दिवसभर बोलणं बंद, तिचा नियम. जेवताना सौ.नेच विषय काढला. उद्या धा तारीख, मग काय ठरवलंस? स्ने. म्हणाली, पुकाऱ्यानंतर घशाचं काय झालंय ते उद्याच कळेल. "सकाळचा पहिला 'आ' मी समोर बसून ऐकते, अण्णा. बरा निघाला तर लगेच कळवते, येते म्हणून. नाही निघाला तर नाही."

मी पाटी ओढली. लिहिलं, 'नाही निघाला तरी जा.' तिने वाचलं आणि मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

१० एप्रिल, शुक्र.

उजाडतंय. ओसरीवर बसलोय. अजून एक शब्द तोंडातून काढलेला नाही. सौ.ने खुणेनेच चहा विचारला, खुणेनेच नको म्हटलं. चहा 'आ' नंतर.

घसा कसा वाटतोय, कळत नाही. गिळून पाहिलं, दुखत नाही. पण जानेवारीपूर्वीही दुखत नव्हता. मनात आलं, हळूच खाकरून मोकळा करून घ्यावा, म्हणजे पहिला निघेल तो जरा बरा निघेल. नाही केलं. तिला कळेल. डोळे मिटून ऐकते आणि सगळं कळतं तिला, घशातलं आणि घशाखालचंही. खोटं काढून दाखवता येत नाही तिच्यापुढे. एवढं शिकवलंय मी.

न्हाणीतलं पाणी बंद झालं. आली. केस ओले आहेत, मोबाइल हातात. समोरच्या पायरीवर मांडी घालून बसली. म्हणतेय, लिहिणं पुरे, अण्णा. पाठ ताठ, खांदे सैल.

पेन ठेवतो.